जिन्यातला जुना सोफा हलत का नाही: मुंबईच्या फ्लॅटमधलं अवजड सामान काढायचं कसं

प्रॉब्लेम सगळीकडे सारखाच. नवीन सोफा येतो, डिलिव्हरीवाले तो हॉलमध्ये ठेवतात, सही घेतात आणि जातात, आणि जुना सोफा दाराबाहेर पॅसेजमध्ये येतो, ‘दोनच दिवस हां, भंगारवाल्याला सांगितलंय’ असं समोरच्या वहिनींना सांगून. भंगारवाला येतो, सोफ्याला हात लावून बघतो, ‘इसका कुछ नहीं आता’ म्हणतो आणि जातो. मग तो सोफा लँडिंगवर सरकतो, तिथून खालच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये, तिथून गच्चीवर नाहीतर पंपरूमच्या मागे, आणि जूनमध्ये त्याच्यावर निळी ताडपत्री पडते. सोसायटी कधीतरी वैतागून टेम्पो बोलावते, कोपरा एकदम साफ, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत तोच कोपरा परत भरलेला, आता सोफ्याच्या जागी गादी, मोडका कॉम्प्युटर टेबल आणि कोणाचा तरी कुलर.

मी बोरिवलीला राहते, सोसायटीच्या कमिटीवर आहे आणि जुन्या सामानाचं खातं बरीच वर्षं माझ्याकडेच आहे, त्यामुळे विचारणारे खूप असतात, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवतेय. मला यातून कळलेली मुख्य गोष्ट अशी की अख्ख्या सोफ्याला गिऱ्हाईक नसतं. त्याच्यातल्या सागवानाला असतं, लोखंडाला असतं, फोमला थोडंफार असतं, आणि प्लायला अजिबात नसतं. आपण अख्खी वस्तू दाराबाहेर ठेवून एक माणूस येऊन सगळं उचलेल अशी वाट बघत बसतो आणि तो माणूस मुंबईत नाहीये. त्यामुळे आधी ती वस्तू कशाची बनलीय ते बघायचं, मग ज्याचं त्याला द्यायचं, आणि हे सगळं नवीन वस्तूची ऑर्डर देण्याच्या आधी ठरवायचं. नवीन वस्तू घरात आली की आपली सगळी घाई संपलेली असते आणि जुनीची अडचण फक्त शेजाऱ्यांना उरते.

कचऱ्याची गाडी का घेत नाही

महापालिकेची रोजची गाडी ओल्या-सुक्या कचऱ्यासाठी असते. मागच्या बाजूने कचरा आत दाबणारा कॉम्पॅक्टर असतो, त्यात पलंगाची फळी किंवा स्प्रिंगची गादी टाकली तर ती अडकते. त्यामुळे सफाई कामगार ‘नाय घेणार’ म्हणतात तेव्हा ते नखरे करत नसतात, कृपया त्यांच्यावर ओरडू नका आणि गुपचूप शंभरची नोट पण देऊ नका, कारण मग ते सामान पुढच्या कचराकुंडीपाशी उतरतं आणि तिथल्या लोकांच्या डोक्याला होतं. त्यापेक्षा आपल्या भागाच्या चौकीवर जाऊन मुकादमाला भेटा, वॉर्ड ऑफिसात घनकचरा खात्यात विचारा, तुमच्या वॉर्डात मोठं सामान गोळा करायची सध्या काय सोय आहे ते तिथेच नीट कळतं. पालिकेच्या १९१६ वर फोन करून तक्रार नोंदवली तर तक्रार नंबर मागून घ्या, नंबर असला की पाठपुरावा करता येतो.

एक गोष्ट वेगळी ठेवा. फुटलेल्या टाइल्स, कमोड, बेसिन, किचनच्या ओट्याचा तोडलेला ग्रॅनाइट, भिंतीचं प्लास्टर हे अवजड सामानात धरायचं नाही, तो राडारोडा. त्याच्यासाठी पालिकेची डेब्रिज ऑन कॉल सेवा आहे, मायबीएमसी ॲपवरून किंवा वॉर्डातून नोंदवता येते. रिनोव्हेशनवाला कॉन्ट्रॅक्टर ‘मी बघतो’ म्हणाला तर तो कुठे नेतोय हे विचारा, आणि प्लायची मोडतोड त्या गोण्यांमध्ये भरू देऊ नका. विटा-सिमेंट दळून परत वापरता येतं, पण त्यात लाकूड-फोम मिसळलं की त्याचा काही उपयोग राहत नाही.

गादी: सगळ्यात जास्त अडकणारी वस्तू

आमच्याकडे सगळ्यात जास्त फोन गादीसाठी येतात. तिच्यात पण चार जाती आहेत आणि चारींचा रस्ता वेगळा.

कापसाची गादी असेल तर ती फेकूच नका हो. कापूस दबतो, गाठी होतात, पण तो पिंजून परत वापरता येतो, गादीवाला घरी येऊन किंवा कारखान्यात नेऊन नवीन खोळीत भरून देतो. तुम्हाला नकोच असेल तर तो जुना कापूस तोच घेतो, उशा-लोड भरायला जातो. हल्ली गल्लीतून ते तारेचा आवाज करत फिरणारे पिंजारी फारसे दिसत नाहीत, पण मार्केटात गादी कारखाना असतोच, लालबाग-परळपासून बोरिवली-दहिसरपर्यंत कुठेही विचारा.

स्प्रिंगची गादी अख्खी कोणी घेत नाही पण वरचं कापड आणि फोम कापून काढलं की आत पोलाद आहे, आणि ते भंगारवाला हसत घेतो. कापायला जाड कटर लागतो, हातमोजे घाला, कारण कडेची तार सुटली की हातावर बसते, आणि हे काम घरातल्या घरात करा, पॅसेजमध्ये नको, तो भुसा आठवडाभर सगळ्यांच्या पायात येतो.

फोमची गादी, म्हणजे पीयू फोम, ही हलकी पण जागा खाणारी. फोमचे तुकडे दाबून चिकटवून रिबाँडेड फोम होतो, तुम्ही दुकानात ज्या रंगीबेरंगी ठिपक्यांच्या कडक गाद्या बघता त्या त्याच. त्यामुळे स्वच्छ, कोरडा फोम घेणारे लोक धारावीत आणि कुर्ला-साकीनाक्याच्या बाजूला आहेत, पण एका गादीसाठी ते बोरिवलीला येणार नाहीत, म्हणून सोसायटीतल्या चार-पाच घरांनी एकत्र दिलं तरच जमतं. भिजलेला, कुजलेला फोम कोणीच घेत नाही. हे लक्षात ठेवा कारण गच्चीवर ताडपत्रीखाली ठेवलेली गादी एका पावसात बाद होते आणि तिथून पुढे ती काढायचे पैसे तुम्हालाच द्यावे लागतात.

काथ्याची गादी सगळ्यात वाईट. नारळाचा काथ्या रबराने चिकटवलेला असतो, भंगारात किंमत शून्य. हिच्यासाठी उत्तम रस्ता म्हणजे नवीन गादी घेताना एक्स्चेंज. बरेच दुकानदार जुनी गादी नेतात, पण तुम्ही ऑर्डर देतानाच बोलून बिलावर लिहून घेतलं तर. ऑनलाइन घेणार असाल तर डिलिव्हरीवाला जुनी नेणार का हे आधी वाचा, दारात आल्यावर तो ‘सिस्टीममध्ये नाही’ म्हणतो आणि त्याचंही चुकत नाही.

आणि ढेकूण. यावर कोणी उघड बोलत नाही पण बोलायला पाहिजे. ढेकूण झालेली गादी कोणाला दान देऊ नका, लँडिंगवर तर अजिबात ठेवू नका. ढेकूण खाण्याशिवाय काही महिने जगतात आणि पॅसेजमधल्या गादीतून शेजारच्या घरात जायला त्यांना वेळ लागत नाही. आधी पेस्ट कंट्रोल, मग मोठ्या प्लास्टिकमध्ये चारी बाजूंनी टेप लावून पॅक करायची, आणि मगच लिफ्टमध्ये घ्यायची. टेम्पोवाल्याला पण खरं सांगा, तो त्याच्या पुढच्या गिऱ्हाइकाचं सामान त्याच गाडीत नेणार असतो.

लाकूड आहे की प्लाय

फर्निचर बघताना मागची बाजू बघा. पुढून सनमायका सगळ्यांनाच असतो. मागे पट्टे, गाठी, जाड चौकट दिसली तर लाकूड, थर दिसले तर प्लाय, आणि भुसा दाबल्यासारखं दिसलं तर पार्टिकल बोर्ड, ज्याला एकदा पाणी लागलं की पोळीसारखं फुगतं.

सागवानी पलंग, शिसवी कपाट, आजीच्या काळातला आरसेवाला ड्रेसर असेल तर घाई करू नका. जोगेश्वरी पश्चिमेला ओशिवऱ्याचं फर्निचर मार्केट आहे, तिथे जुनं फर्निचर घेणारे, दुरुस्त करून विकणारे बरेच आहेत, आणि भेंडीबाजारातल्या चोरबाजारात मटण स्ट्रीटला जुन्या वस्तूंची दुकानं आहेत. फोटो नीट काढा, मापं इंचात लिहा, आणि एकाच्या भावावर न जाता दोन-तीन ठिकाणी विचारा. घरी बघायला आलेला माणूस पहिल्यांदा नेहमी ‘वाळवी आहे’ म्हणतो. खरंच आहे का ते तुम्ही आधी स्वतः बघून ठेवा, स्क्रू ड्रायव्हरने ठोकून पोकळ आवाज येतो का, खाली मातीसारखा भुसा पडतो का. वाळवी नसेल तर भाव सोडू नका.

प्लायला विकायची आशा ठेवूच नका, विशेषतः भिंतीला फिट केलेलं वॉर्डरोब असेल तर. फेविकॉल, सनमायका, खिळे सगळं एकजीव झालेलं असतं. इथे सुतार बोलवायचा. सुतार बिजागऱ्या, चॅनल, हँडल, लॉक वेगळं काढतो, ते लोखंड-स्टील भंगारात जातं, चांगल्या फळ्या तो स्वतः घेतो कारण त्याला खोके, शेल्फ, देवघराचा पाट असं काहीतरी करायला उपयोगी पडतात, आणि उरलेलं आपण पैसे देऊन टेम्पोने काढायचं. हा खर्च नवीन वॉर्डरोबच्या बजेटमध्येच धरा. कॉन्ट्रॅक्टरच्या कोटेशनमध्ये ‘जुनं काढणं आणि सोसायटीबाहेर नेणं’ अशी ओळ आहे का ते बघा, नुसतं ‘काढणं’ लिहिलेलं असेल तर तो काढून कंपाउंडमध्ये ठेवणार आणि तो त्याच्या बाजूने बरोबर असणार.

हायड्रॉलिक बेडची एक सूचना. त्याच्या बाजूला जे गॅसचे दट्टे असतात ते दाबाखाली असतात, ते कापायचे किंवा ठोकायचे नाहीत. बेड पूर्ण उघडा करून बोल्ट काढून अख्खे वेगळे करायचे, आणि हे करताना वरची फळी कोणीतरी धरून ठेवायची, नाहीतर ती खाली येते.

स्टीलचं कपाट, लोखंडी पलंग, ट्रेडमिल, सायकल यांचं काहीच टेन्शन नाही. किलोवर जातं, भंगारवाला स्वतःची माणसं आणतो. फक्त वजन तुमच्यासमोर करायला सांगा आणि कपाटाचं चोरखण उघडून बघा, लोकांचे जुने कागद, दागिन्यांच्या पावत्या, कधी कधी दागिने पण राहून जातात.

फ्रीज, एसी, टीव्ही, इन्व्हर्टर

हे भंगारवाला लगेच घेतो, पैसे पण देतो, म्हणून सोपं वाटतं. पण याच सामानाची मला जास्त काळजी वाटते. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, त्यात फ्रीज, एसी, वॉशिंग मशीन सगळं येतं, आणि माल बनवणाऱ्या कंपनीवर त्याच्या रिसायकलिंगची जबाबदारी टाकलेली आहे. म्हणजे कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून ‘ई-वेस्ट पिकअप’ मागणं हे काही मेहेरबानी मागणं नाहीये. पैसे भंगारवाल्यापेक्षा कमी मिळतील हे खरं. पण भंगारवाल्याकडे होतं काय, तर तांबं काढायला पाइप कापतात आणि गॅस हवेत जातो. जुन्या एसीतला आर २२ गॅस ओझोनला मारतो आणि उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ १८०० पट भारी आहे. नवीन फ्रीजमध्ये बऱ्याचदा आर ६००ए असतो, तो पेट घेणारा गॅस, तो पाइप कापताना ठिणगी पडली तर कापणाऱ्या पोराचा हात भाजतो. ते काम करणारी मुलं किती लहान असतात हे एकदा कुर्ल्याला जाऊन बघा म्हणजे समजेल मी हे का लिहितेय.

एसी काढायच्या वेळी तो चालू स्थितीत असेल तर मेकॅनिकला पंप डाऊन करून काढायला सांगा, गॅस बाहेरच्या युनिटमध्ये बंद राहतो. आणि बाहेरचं युनिट काढताना माणूस बेल्ट लावूनच छज्जावर उतरला पाहिजे, नसेल तर काम थांबवा, एसी दुसऱ्या दिवशी पण निघतो.

फ्रीज खाली कंपाउंडमध्ये उचलायची वाट बघत ठेवायचा असेल तर दार काढून ठेवा किंवा दोरीने पक्कं बांधा. लपाछपी खेळणारी मुलं आत शिरतात आणि जुन्या फ्रीजचं दार आतून उघडत नाही.

डब्यासारखा जुना टीव्ही फोडू नका, पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं. इन्व्हर्टरची बॅटरी जिथून नवीन घेताय त्याच दुकानात द्या, बॅटरीवाले जुनी परत घेऊन बिलात पैसे कमी करतात, तो सरळ रस्ता आहे.

चांगल्या स्थितीतलं सामान द्यायचं कोणाला

घरात काम करणाऱ्या मावशींना किंवा वॉचमनकाकांना देतो असं सगळे म्हणतात. चांगलंच आहे, पण विचारताना ‘नको असेल तर सरळ नाही म्हणा’ हे मनापासून म्हणा, कारण बऱ्याच जणींची खोली दहा बाय दहाची असते आणि त्या संकोचाने हो म्हणतात. आणि दिलंत तर टेम्पोचं भाडं पण तुम्हीच द्या, नाहीतर ‘फुकट’ पलंग त्यांना हजार-दीड हजाराला पडतो.

घरात आजारी माणूस होतं आणि आता त्या वस्तू लागत नाहीत, म्हणजे फाउलर कॉट (डोक्याकडून वर होणारी हॉस्पिटलची खाट), एअर बेड, कमोड खुर्ची, व्हीलचेअर, वॉकर, तर या भंगारात घालू नका, ओएलएक्सवर पण टाकायच्या आधी थोडं थांबा. आपल्याकडे मराठी वस्तीत, दादर-गिरगाव-पार्ल्यापासून पुढे डोंबिवलीपर्यंत, कितीतरी मंडळं आणि ट्रस्ट रुग्णोपयोगी साहित्य डिपॉझिटवर वापरायला देतात. ज्याच्या घरी अचानक पेशंट डिस्चार्ज होऊन येतो त्याला त्या रात्री एक कॉट मिळणं केवढी मोठी गोष्ट असते. जवळच्या मंडळात किंवा ज्येष्ठ नागरिक संघात विचारा, बरेच जण स्वतः न्यायला येतात. फक्त वस्तू धुऊन, निर्जंतुक करून, सुटे स्क्रू पिशवीत बांधून द्या.

देव्हाऱ्याचं काय करायचं हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात. पिंपळाखाली ठेवू नका, चौपाटीवर तर नाहीच. लाकडी देव्हारा चांगला असेल तर नवीन घर लावणारं कोणीतरी आनंदाने घेतं, सोसायटीच्या ग्रुपवर नुसतं टाकून बघा. मोडका असेल तर नमस्कार करून सुताराकडून सुटा करून घ्या. फ्रेममधल्या देवांच्या फोटोंची काच, पत्रा आणि कागद वेगळे करा, काच भंगारात, कागदाचं जे तुमच्या घरात रीतीने करतात ते करा. झाडाखाली ठेवलेला फोटो चार दिवसांनी चिखलात असतो, मला तरी ते बघवत नाही.

ऑनलाइन विकत असाल तर एकच सांगते. घेणारा ‘मी आर्मीत आहे, लगेच ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा’ म्हणाला की बोलणं बंद करायचं. पैसे घ्यायला कधीच क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिन पण लागत नाही. फसलात तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन करा, जितका लवकर तितकं चांगलं.

खाली न्यायचं कसं

लिफ्टमधली पाटी वाचा, सहा माणसांच्या लिफ्टला ४०८ किलो लिहिलेलं असतं, माणशी ६८ च्या हिशोबाने. वजनाचा प्रश्न सहसा येत नाही, दाराच्या रुंदीचा येतो. म्हणून सामान आणलं तेव्हा जसं जोडलं तसंच उलट्या क्रमाने घरातच सुटं करा, सोफ्याचे पाय आणि हात बहुतेक बोल्टवर असतात. लिफ्टचं दार पुठ्ठा अडकवून उघडं ठेवू नका, सेन्सर जातो आणि मग अख्ख्या बिल्डिंगचे आजी-आजोबा जिन्यात. आणि काहीही झालं तरी गॅलरीतून दोरीने खाली सोडायचं नाही, खाली माणूस उभा करून पण नाही.

दुपारी अकरा ते चार ही वेळ बरी, शाळा-ऑफिसची गर्दी नसते. गेट पास आदल्या दिवशी घेऊन ठेवा, भाड्याने राहत असाल तर मालकाचा मेसेज सेक्रेटरीला जाऊ दे, नाहीतर टेम्पो गेटवर उभा आणि वॉचमन तुम्हाला सोडत नाही, वेटिंगचे पैसे चढत राहतात.

टेम्पोवाल्याला पैसे ठरवताना विचारा की हे कुठे नेणार. ‘टेन्शन मत लो’ हे उत्तर चालणार नाही. रात्री खाडीच्या कडेला किंवा नाल्यात जे टाकलं जातं ते असंच कोणीतरी पैसे देऊन काढलेलं सामान असतं. पावसाळ्याआधी नालेसफाई सुरू झाली की गाळाबरोबर गाद्या, सोफे, फ्रीजचे सांगाडे बाहेर येतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, तेवढ्या पावसाला कुठलाच नाला पुरला नसता, पण साधा मोठा पाऊस पडला तरी तुंबणारे नाले आपण रोज बघतो, आणि पोईसर-दहिसर नदीच्या काठच्या वस्तीत पहिलं पाणी शिरतं ते आपल्यापेक्षा कमी पैशावाल्यांच्या घरात. म्हणून ठिकाण सांगणारा टेम्पोवालाच घ्या, थोडा महाग पडला तरी.

सोसायटीने काय करायचं

मोहीम काढून साफ केलं की कोपरा परत भरतो, कारण ज्याने सामान ठेवलं त्याला ना खर्च आला ना त्रास झाला. आमच्याकडे फरक पडला तो दोन गोष्टींनी. एक, लँडिंग, जिना, गच्ची, मीटर रूम, रिफ्यूज एरिया (आगीच्या वेळी थांबायची मोकळी जागा) इथे काहीही ठेवायचं नाही, एक दिवस पण नाही. खाली स्टिल्टमध्ये एक चौकोन रंगवलाय, सामान ठेवायचं तर तिथेच, त्यावर फ्लॅट नंबर आणि तारीख लिहून, आणि आठवड्यात न्यायचं, नाहीतर सोसायटी काढते आणि खर्च त्या फ्लॅटच्या मेंटेनन्स बिलात येतो. हा ठराव जनरल बॉडीत मंजूर करून घ्या, कमिटीने परस्पर दंड लावला तर भांडण होतं आणि ते टिकत पण नाही. दुसरं, वर्षातून दोन ठरलेले रविवार. एक एप्रिलमध्ये, कारण मेमध्ये अर्धी बिल्डिंग गावाला जाते आणि जूनमध्ये पाऊस, आणि एक दसऱ्याच्या आधी, कारण दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्यांकडे इतकं येतं की ते भाव पाडतात नाहीतर येतच नाहीत. एकाच दिवशी दहा घरांचा फोम, दहा घरांचं प्लाय जमलं की टेम्पो भरतो आणि खर्च वाटून जातो.

बंद फ्लॅटवाल्यांचं जुनं सामान पडलं असेल तर फोटो काढा, नोटीस बोर्डवर आणि ग्रुपवर लावा, मालकाला ईमेल करा, मुदत द्या, मुदत संपल्यावर कमिटीच्या मीटिंगमध्ये मिनिट्सला घेऊन मगच काढा. कागद नसेल तर दोन वर्षांनी कोणीतरी म्हणतं त्या कपाटात माझी चांदी होती.

एक मेंबर ऐकतच नाही अशी केस पण असते. आधी दार वाजवून मदत विचारा, खरंच विचारा. आमच्या इथे एक आजोबा वर्षभर ‘उद्या काढतो’ म्हणत होते आणि अडचण एवढीच होती की सुताराला बोलवायचं कसं आणि तो घरात येणार तेव्हा सोबत कोण असणार. शेजारच्या मुलाने एक दुपार त्यांच्याबरोबर काढली आणि संपलं. पण मदत देऊनही ‘माझ्या दारासमोरची जागा आहे’ असं म्हणत असतील तर लेखी द्या. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ खाली बिल्डिंगची अग्निसुरक्षा यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी आपली आहे, जानेवारी आणि जुलैमध्ये लायसन्स असलेल्या एजन्सीचा फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, द्यावा लागतो, आणि तो तपासायला माणूस येतो तेव्हा त्याला जिन्यातून चालायला मिळालं पाहिजे. ऑक्टोबर २०२३ मध्ये गोरेगावच्या एका इमारतीत पहाटे खाली पार्किंगमध्ये आग लागली, तिथल्या गाड्या आणि ठेवलेलं सामान पेटलं, धूर वर चढला आणि झोपेतली माणसं गेली. सोफ्याचा फोम पेटला की त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइडसारखा विषारी वायू निघतो, ज्वाळा पोचायच्या आधी माणूस धुरानेच पडतो. हे पत्रात स्पष्ट लिहा, भाषा सौम्य ठेवा, फोटो जोडा. त्याने पण नाही झालं तर अग्निशमन दलाकडे लेखी तक्रार करता येते आणि सोसायटीच्या नियमांबाबत सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जाता येतं.

गच्चीवरच्या सामानात पाणी साठलं असेल तर वेगळाच विषय सुरू होतो. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, उलट्या ठेवलेल्या टेबलाच्या कोपऱ्यात, टायरमध्ये, कुलरच्या ट्रेमध्ये, ताडपत्रीच्या खोलगट घडीत, आठवडा-दहा दिवसात डास तयार. पालिकेचे कीटकनाशक विभागाचे लोक तपासायला येतात आणि नोटीस सोसायटीच्या नावाने निघते, ठेवणाऱ्याच्या नाही. त्यामुळे पावसाळ्यात दर रविवारी कोणीतरी एक चक्कर गच्चीवर मारायचीच.

भाडेकरूंचं शेवटी लिहितेय कारण सगळ्यात जास्त बेवारशी गाद्या तिथूनच येतात. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट संपतं, मुलं दुसऱ्या शहरात नोकरीला जातात, ट्रेन रात्रीची असते आणि गादी नेता येत नाही, तेव्हा ती पॅसेजमध्ये राहते. यात मुलांना नुसतं ओरडून काही होत नाही. मालकांनी ॲग्रीमेंटमध्येच एक ओळ घालावी की जाताना घरातलं आणि बाहेरचं स्वतःचं सामान सोसायटीबाहेर न्यायचं, आणि महिनाभर आधी नोटीस येते तेव्हाच सेक्रेटरीने त्यांना भंगारवाला, सुतार आणि टेम्पोवाला असे तीन नंबर पाठवून द्यावेत. डिपॉझिट परत करायच्या दिवशी मालकाने फ्लॅट बघतानाच जिना, स्टिल्ट आणि गच्ची पण चालून बघावी आणि मगच पैसे ट्रान्सफर करावेत.